विषाची थकबाकी : घातक कचऱ्याच्या सफाईचा खर्च कोणाच्या खाती?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळमधील बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून बारा बंदिस्त कंटेनर बाहेर पडले. पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब होते. वाटेतील वाहतूक थांबवून, सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर कापून हा ताफा दुसऱ्या दिवशी पहाटे धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे पोहोचला. कंटेनरमध्ये ३३७ टन विषारी कचरा होता : कीटकनाशकांचे अवशेष, रासायनिक प्रक्रियेतील गाळ, दूषित माती. डिसेंबर १९८४ च्या त्या भीषण रात्रीला चाळीस वर्षे उलटून गेल्यावर, आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घालून दिल्यावर, हा कचरा जागचा हलला. तो भट्टीत जाळण्याचे काम जून २०२५ च्या अखेरीस पूर्ण झाले. या सर्व कामासाठी सरकारी तिजोरीतून १२६ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली.

हिशेबाची सवय असलेला मनुष्य येथे सहज एक भागाकार करील. ३३७ टनांसाठी १२६ कोटी म्हणजे किलोमागे सुमारे पावणेचार हजार रुपये. ज्या कचऱ्याची निर्मितीच्या वेळी कोणी किंमतही लावली नव्हती, त्याला नाहीसे करण्याचा हा भाव आहे. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. हा खर्च ज्याने कचरा निर्माण केला त्याच्या खाती पडला नाही. तो या देशातील करदात्यांच्या खाती पडला, आणि त्यांतील बहुसंख्य लोक १९८४ मध्ये जन्मलेलेही नव्हते.

घातक कचऱ्याने दूषित झालेल्या जमिनींची सफाई सरकारने कोणत्या पैशातून करावी, हा विषय वरकरणी शासन आणि न्यायालये यांच्यापुरता मर्यादित वाटतो. प्रत्यक्षात तो उद्योग-व्यापार करणाऱ्या, जमिनी घेणाऱ्या-विकणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या दारापर्यंत येतो. तो समजून घेण्यासाठी प्रथम अमेरिकेकडे पाहावे लागते. कारण या कामासाठी स्वतंत्र निधी उभारण्याचा, तो आटू देण्याचा आणि पुन्हा भरण्याचा सर्वांत मोठा अनुभव त्या देशाच्या गाठीशी आहे.

एका डॉलरचे खरेदीखत

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचे शहर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम लव्ह या उद्योजकाने एक कालवा खणण्यास आरंभ केला, पण काम अर्धवट राहिले. त्या चरात १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. त्या काळच्या कायद्याने यास बंदी नव्हती. १९५३ मध्ये कंपनीने ही जमीन शहराच्या शाळा मंडळास अवघ्या एका डॉलरला विकली. खरेदीखतात एक कलम घातले होते, त्याचा आशय असा : येथे रासायनिक कचरा पुरलेला आहे, आणि यापुढे त्यामुळे काही इजा वा हानी झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.

त्या जमिनीवर शाळा बांधली गेली, भोवती घरे उभी राहिली. १९७० च्या दशकात अतिवृष्टीनंतर तळघरांत काळपट द्रव झिरपू लागला, अंगणात गंजलेली पिंपे वर येऊ लागली. लोइस गिब्ज या गृहिणीने आपला मुलगा सतत आजारी का पडतो याचा शोध घेता घेता शेजाऱ्यापाजाऱ्यांना संघटित केले. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याने आणि पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली. कालांतराने नऊशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. ‘लव्ह कॅनॉल’ हे नाव जगभर पोहोचले ते असे.

त्या वेळी अमेरिकी सरकारपुढे एक साधी पण बिकट अडचण होती. असे प्रसंग उद्भवल्यास तातडीने खर्च करण्यासाठी स्वतंत्र पैसाच नव्हता, आणि जुन्या कचऱ्याबद्दल कोणाकडून वसुली करावी याचा स्पष्ट कायदाही नव्हता. ११ डिसेंबर १९८० रोजी कार्टर यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने ही दोन्ही कामे एकत्र केली. या कायद्यास लोकव्यवहारात ‘सुपरफंड’ म्हणतात.

निधीची रचना

सुपरफंडची घडण दोन पायांवर उभी आहे. पहिला पाय दायित्वाचा. दूषित जमिनीचा आजचा मालक, कचरा टाकला गेला त्या वेळचा मालक, ज्याच्या उद्योगातून तो कचरा निघाला तो उत्पादक, आणि जागा निवडून तो तेथे नेऊन टाकणारा वाहतूकदार, अशा चौघांनाही सरकार जबाबदार धरू शकते. कचरा टाकला तेव्हा कायदा मोडला नव्हता, ही सबब चालत नाही. अनेकांनी मिळून जागा दूषित केली असेल आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नसेल, तर एकावरही संपूर्ण खर्चाची जबाबदारी येऊ शकते. त्याने मग इतरांकडून आपापला हिस्सा वसूल करीत बसावे.

दुसरा पाय निधीचा. जेथे जबाबदार व्यक्ती सापडत नाही, दिवाळखोर झालेली असते किंवा दाद देत नाही, तेथे सरकारने निधीतून काम करावे आणि शक्य असेल तेव्हा नंतर वसुली करावी. निधीतून सफाई होते तेव्हा संबंधित राज्यानेही सामान्यतः दहा टक्के भार उचलायचा असतो. हा निधी भरण्यासाठी कच्चे तेल आणि ठरावीक रसायने यांवर कर बसवण्यात आला. पहिल्या पाच वर्षांसाठी १.६ अब्ज डॉलरची योजना होती. १९८६ मध्ये ती ८.५ अब्ज डॉलरपर्यंत वाढवण्यात आली आणि मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नावरही एक पर्यावरण कर लावला गेला. यामागील तत्त्व व्यापाऱ्यास समजण्यासारखे आहे. ज्या धंद्यातून हा धोका उद्भवतो, त्या धंद्यानेच सामूहिक विम्याप्रमाणे वर्गणी भरावी, म्हणजे बुडीत खात्यांचा भार रसायनांशी काही संबंध नसलेल्या शिक्षकावर किंवा शेतकऱ्यावर पडणार नाही.

या रचनेवर टीकाही पुष्कळ झाली आणि ती सर्वच अनाठायी नव्हती. वकिलांच्या शुल्कात मोठ्या रकमा गेल्या. मोठ्या कंपन्यांनी आपला भार हलका करण्यासाठी किरकोळ कचरा टाकणाऱ्या छोट्या दुकानदारांनाही दाव्यांत ओढले. शेवटी जानेवारी २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यल्प कचरा टाकणाऱ्यांना, तसेच पूर्ण चौकशी करून प्रामाणिकपणे जमीन घेणाऱ्या खरेदीदारास संरक्षण देण्यात आले.

कर थांबला, काम मंदावले

सुपरफंडचे कर ३१ डिसेंबर १९९५ रोजी मुदत संपल्याने बंद झाले, आणि अमेरिकी संसदेने ते पुढे चालू ठेवले नाहीत. निधीत त्या वेळी चांगली शिल्लक होती, म्हणून काही वर्षे फरक जाणवला नाही. मुदतठेवीवर घर चालवणाऱ्याने आवक थांबल्यावर मुद्दलातून खर्च सुरू करावा, तसा हा प्रकार होता. २००३ च्या सुमारास शिल्लक जवळजवळ संपली. त्यानंतर सफाईचा पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून, म्हणजे सर्व नागरिकांच्या खिशातून येऊ लागला, आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकातील रस्सीखेचीवर अवलंबून राहिला.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९९७ ते २००० या वर्षांत दरसाल ऐंशीहून अधिक स्थळांवर शुद्धीकरणाची उभारणी पूर्ण होत असे. २००१ मध्ये हा आकडा ४७ वर आला, २००३ मध्ये ४० वर. मागे राहिलेली स्थळे अधिक मोठी व किचकट होती हेही यामागचे एक कारण होते. पण पैशाची ओढाताण हे दुसरे कारण नाकारता येत नाही. दूषित जमीन मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. भूजल वाहत राहते, त्याबरोबर विषही पुढे सरकते, आणि आज एका विहिरीपुरते असलेले काम दहा वर्षांनी दहा विहिरींचे होते.

सव्वीस वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रसायनांवरील कर पुन्हा आणला. तो १ जुलै २०२२ पासून लागू झाला, आणि त्याशिवाय ३.५ अब्ज डॉलर एकरकमी देण्यात आले. २०२३ च्या आरंभापासून कच्च्या तेलावरही पिंपामागे १६.४ सेंट कर पुन्हा सुरू झाला. १९९५ मध्ये बंद झाला तेव्हा तो ९.७ सेंट होता.

लव्ह कॅनॉलचा हिशेबही शेवटी पुरा झाला. हूकर कंपनी १९६८ मध्ये ऑक्सिडेंटल पेट्रोलियम या समूहाने विकत घेतली होती. त्या समूहाच्या कंपनीस १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यास ९.८ कोटी डॉलर आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारास १२.९ कोटी डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. एका डॉलरच्या खरेदीखतातील ते कलम त्यांना या देण्यापासून वाचवू शकले नाही. २००४ मध्ये हे स्थळ राष्ट्रीय अग्रक्रम यादीतून वगळण्यात आले. पुरलेला कचरा मात्र जाड आच्छादनाखाली तेथेच आहे आणि त्यावर कायम लक्ष ठेवावे लागते.

कर्ज देणाऱ्याचीही झोप उडते

अमेरिकेतील आणखी एक प्रकरण सावकारी आणि बँकिंगशी परिचित असलेल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. जॉर्जिया राज्यात कापडावर छपाई करणारा एक कारखाना होता. फ्लीट फॅक्टर्स या वित्तसंस्थेने त्याच्या येण्यांच्या तारणावर आणि जमीन-यंत्रसामग्रीच्या गहाणावर कर्ज दिले होते. कारखाना दिवाळखोरीत गेला, संस्थेने यंत्रांचा लिलाव केला. पुढे पर्यावरण खात्याच्या तपासणीत तेथे विषारी रसायनांची सातशे पिंपे आणि ॲस्बेस्टॉस आढळले. सरकारने सुमारे चार लाख डॉलर खर्चून ते हलवले आणि वसुलीसाठी कर्जदात्या संस्थेवरही दावा लावला. १९९० मध्ये अपील न्यायालयाने असे मत दिले की, कर्जदाराच्या आर्थिक कारभारात कर्जदात्याचा सहभाग इतका असेल की घातक कचऱ्याच्या निर्णयांवर तो प्रभाव पाडू शकेल, तर तोही जबाबदार ठरू शकतो. या निर्णयाने वित्तक्षेत्र हादरले. १९९६ मध्ये संसदेने कायदा सुधारून केवळ तारण धारण करणाऱ्यांना दिलासा दिला. परंतु तोवर औद्योगिक जमिनीवर कर्ज देण्यापूर्वी त्या जमिनीचा पर्यावरणीय इतिहास तपासण्याची रीत रूढ झाली होती आणि ती आजही टिकून आहे.

आपल्याकडे औद्योगिक भूखंड तारण घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागवतात. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे का, हे डोळ्यांत तेल घालून पाहतात. त्याच भूखंडाच्या मागील कोपऱ्यात तीस वर्षे काय ओतले गेले, हे पाहण्याची सवय मात्र अद्याप फारशी रुजलेली नाही. तो बोजा कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, पण मालकी बदलल्याने तो फिटतही नाही.

बिछडीच्या विहिरी

भारतातही हा विषय नवा नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील एका कारखान्याने रंगउद्योगात लागणाऱ्या ‘एच-ॲसिड’चे उत्पादन सुरू केले. सुमारे पावणेचारशे टन मालामागे जवळजवळ अडीच हजार टन घातक गाळ तयार झाला आणि तो उघड्यावर पडून राहिला. पावसाबरोबर विष जमिनीत उतरले. विहिरींचे पाणी रंगले, पिण्याच्या आणि शेतीच्याही कामाचे राहिले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी या प्रकरणात निकाल दिला. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई आणि शुद्धीकरण या दोन्हींचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्या निकालाने भारतीय कायद्यात ठामपणे रोवले. पुढे खर्चाची रक्कम ३७.३८५ कोटी रुपये निश्चित झाली. ती भरण्याऐवजी संबंधितांनी अर्जांमागून अर्ज केले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ते अर्ज फेटाळताना मूळ रकमेवर नोव्हेंबर १९९७ पासून वार्षिक बारा टक्के चक्रवाढ व्याज आकारले आणि दाव्याच्या खर्चापोटी दहा लाख रुपये आणखी भरण्यास सांगितले. बारा टक्के चक्रवाढीने रक्कम सहा वर्षांत दुप्पट होते. येथे निकालाच्या दिवशीच ती जवळजवळ पावणेपाचपट झालेली होती. दिरंगाईत मिळवलेला लाभ दिरंगाई करणाऱ्याकडे राहू नये, हा न्यायालयाचा विचार व्यापारी समाजास निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

भोपाळच्या बाबतीत मात्र वसुली झाली नाही. १९८९ मधील ४७ कोटी डॉलरची तडजोड वायुपीडितांच्या भरपाईची होती. आवारातील माती आणि भूजल यांच्या शुद्धीकरणाचा पैसा त्यात नव्हता. १९९८ मध्ये कारखान्याची भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत आली आणि कचराही तिच्याबरोबर आला. २००१ मध्ये युनियन कार्बाइड कंपनी डाऊ केमिकलने घेतली. २००५ मध्ये केंद्र सरकारने सफाईसाठी डाऊकडून शंभर कोटी रुपये आगाऊ भरून घ्यावेत असा अर्ज उच्च न्यायालयात केला. हा कारखाना आपण कधी चालवला नव्हता, अशी डाऊची भूमिका राहिली. वर्षे जात राहिली.

२०१२ मध्ये हा कचरा जर्मनीस नेऊन जाळण्याचा प्रस्ताव सुमारे २५ कोटी रुपये खर्चाने मंजूर झाला होता. तोही तेथील संस्थेने माघार घेतल्याने बारगळला. दोन्ही योजनांचे स्वरूप अगदी सारखे नव्हते, तरी तुलना बोलकी आहे. २५ कोटींचे तेरा वर्षांत १२६ कोटी होणे म्हणजे दरसाल तेरा टक्क्यांहून थोड्या अधिक दराने चक्रवाढ व्याज भरणे होय. शिवाय पीथमपूरच्या भट्टीत जळालेल्या कचऱ्यापासून, त्यात मिसळलेल्या चुन्यासह, आठशे टनांहून अधिक राख व अवशेष उरले. ते कोठे पुरावेत हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. आणि हलवला गेला तो केवळ गोळा करून ठेवलेला कचरा होता. नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अहवालात त्या आवारातील दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन इतका होता.

नवे नियम, जुना प्रश्न

२४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम प्रथमच अधिसूचित केले. जिल्हा प्रशासन व स्थानिक संस्थांनी संशयित स्थळांची माहिती सहा महिन्यांनी द्यावी, राज्य मंडळाने ठरावीक मुदतीत प्राथमिक आणि नंतर सविस्तर तपासणी करावी, दूषित ठरलेल्या स्थळाची जाहीर नोंद व्हावी, प्रदूषकाचा शोध घेऊन त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करावा, अशी ही रचना आहे. प्रदूषक सापडत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल, तर खर्च केंद्र व राज्य यांनी वाटून घ्यायचा आहे. नियम आले तेव्हा देशात १०३ स्थळे दूषित म्हणून निश्चित झालेली होती, आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते.

सुपरफंडचा पहिला पाय, म्हणजे दायित्व, आपल्याकडे आता बऱ्याच अंशी उभा आहे. दुसऱ्या पायाचे काय? या कामासाठी उद्योगाच्या वर्गणीतून भरणारा आणि दुसरीकडे न वळणारा निधी आपल्याकडे नाही. तशी एक संधी येऊन गेली होती. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवण्यात आला; २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीतून घातक कचऱ्याने दूषित काही स्थळांच्या शुद्धीकरणासही साहाय्य मिळत असे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि कोळशावरील ही आकारणी राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळली. अमेरिकेत कर थांबला, आपल्याकडे कर चालू राहिला पण त्याचे खाते बदलले. दूषित जमिनीच्या दृष्टीने फलित एकच.

जेथे निश्चित आवक नसते तेथे सफाई दरवर्षीच्या मंजुरीवर आणि न्यायालयाच्या कानउघाडणीवर चालते, हा दोन्ही देशांचा अनुभव आहे. म्हणून रसायन आणि तत्सम उद्योगांकडून उत्पादनाच्या प्रमाणात अल्प वर्गणी घेऊन कायम निधी उभारण्याची मागणी पुढे आल्यास व्यापारी संघटनांनी तिला केवळ ‘आणखी एक कर’ म्हणून विरोध करू नये. नियमाने वागणारा उद्योजक आज तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील सामूहिक प्रकल्पाकडे कचरा पाठवण्याचे शुल्क भरतो, आणि त्याचा स्पर्धक तोच कचरा रात्री नाल्यात सोडून स्वस्त भावाने माल विकतो. या अन्यायाचा पहिला बळी प्रामाणिक व्यापारीच असतो.

श्रावकाचा हिशेब

जैन आचारशास्त्रात या विषयास आधार शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. साधूंच्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती. तीच परिष्ठापनिका किंवा प्रतिष्ठापना समिती या नावानेही ओळखली जाते. टाकाऊ वस्तू टाकतानाही जागा निर्जंतुक आहे ना, तेथे कोणत्या जीवास बाधा होणार नाही ना, हे पाहून टाकावी, असा तिचा आशय आहे. ज्यांच्याजवळ परिग्रहच नाही त्यांनाही त्याग करताना इतकी यत्ना सांगितली आहे. मग ज्याच्या कारखान्यातून दररोज पिंपेच्या पिंपे निघतात त्या गृहस्थाने किती यत्ना बाळगावी? पृथ्वीकाय आणि अप्काय जीव मानणाऱ्या समाजास माती आणि पाणी दूषित होणे ही केवळ कायद्याची बाब वाटू शकत नाही.

श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याची गणना आहे. सरोवर-तलाव आटवण्याचीही आहे. आज रंग, औषधे, धातुप्रक्रिया, रसायने या क्षेत्रांत समाजातील अनेक कुटुंबे आहेत, आणि त्या उद्योगांनी सहस्रावधी लोकांस उपजीविका दिली आहे. ते सोडून द्यावेत असे म्हणणे व्यवहार्य नाही. परंतु उत्पादनातून निघणाऱ्या विषाची व्यवस्था न लावता ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे सोडणे, हे हिंसेबरोबरच अदत्तादानही आहे. विल्हेवाटीचे जे शुल्क वाचले ते नफा म्हणून जमा केले गेले. वस्तुतः ते गावकऱ्यांच्या पाण्यातून, त्यांच्या संमतीविना उचललेले असते.

तत्त्वज्ञानातील क्रमही येथे मार्गदर्शक आहे. आधी आस्रव थांबवावा, म्हणजे संवर. मग साचलेल्या कर्मांची निर्जरा. आवक चालू असताना निर्जरेस अर्थ राहत नाही. दूषित स्थळांचेही असेच आहे. सरकारने कितीही कोटी खर्चून जुनी जमीन शुद्ध केली आणि शेजारच्या भूखंडावर नवा गाळ पडतच राहिला, तर तो खर्च वाया जातो.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक उद्योजक कुटुंबाने आजच कराव्यात. घातक कचरा साधारणतः नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात साठवू नये, हा २०१६ च्या नियमांतील दंडक पाळावा. कचरा नेणाऱ्या गाडीबरोबरचे नोंदपत्र सामूहिक प्रकल्पाची पोच घेऊन परत आले की नाही ते पाहावे आणि जीएसटीच्या कागदांइतक्याच काळजीने जपावे. ठेकेदाराने माल उचलला म्हणजे जबाबदारी गेली, असे होत नाही. जुना औद्योगिक भूखंड किंवा बंद गिरणी घेताना सर्च रिपोर्टबरोबर माती आणि बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेतील तपासणी करून घ्यावी. भाव संशयास्पद स्वस्त असल्यास लव्ह कॅनॉलचा एक डॉलर आठवावा. आणि ज्यांच्या आवारात वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील गाळ पुरलेला आहे, त्यांनी तो लपवून न ठेवता तज्ज्ञांच्या साहाय्याने वेळीच उपसून त्याची रीतसर व्यवस्था लावावी. मुलाच्या हाती पेढीची किल्ली देताना येणे-देणे समोर मांडण्याची आपली परंपरा आहे. हे देणे त्या यादीतून सुटू नये.

दिवाळीच्या वहीपूजनात शुभ-लाभ लिहिताना मागील वर्षाची बाकी नव्या वहीत ओढून घेतात. ती बाकी पानावर दिसते, म्हणून फेडली जाते. भोपाळच्या आवारातील लाखो टन माती कोणाच्याही वहीत ओढली गेली नाही, म्हणून ती अजून तेथेच आहे, आणि दर पावसाळ्यात तिच्यातून पाणी झिरपत आहे.